कुलाब्याची चुंबकसूची आणि ध्रुवावरील वारें

लोणारच्या कांठावर उभें राहिलें म्हणजे आकाशांतून आलेल्या एका आघातानें बुलढाणा जिल्ह्याचा काळा पाषाण सुमारें १.८ किलोमीटर रुंद कसा पोखरला गेला, हें डोळ्यांस दिसतें. परंतु आकाशाचे दुसरेही आघात आहेत. ते खळगा पाडीत नाहींत, त्यांची साक्ष चुंबकसूची देते.

अशी एक साक्ष मुंबईच्या कुलाबा वेधशाळेनें जपली. १ सप्टेंबर १८५९ रोजीं इंग्लंडांत कॅरिंग्टन यानें सूर्यावर तेजाचा लोळ पाहिला. दुसऱ्याच दिवशीं कुलाब्यास पृथ्वीचें आडवें चुंबकबल सुमारें १,६०० नॅनोटेस्लांनीं घटलें. सूची डोळ्यांनीं वाचून लिहिलेल्या त्या आंकड्यांवरूनच संशोधकांनीं २००३ सालीं त्या वादळाचें बळ अजमावलें.

पुढें मुंबईंत विजेच्या ट्रामगाड्या येणार असें ठरलें. त्यांच्या प्रवाहानें सूची बहकली असती. तेव्हां वेधशाळेचे पहिले भारतीय संचालक नानाभाई मूस यांच्या देखरेखीखालीं हें काम अलिबागेस नेण्यांत आलें. १९०४ ते १९०६ पर्यंत दोन्ही ठिकाणीं वेध घेऊन मगच कुलाब्याची सूची थांबविली. ट्राम १९०७ सालीं धांवली. हा सांधा जोडला नसता, तर साठ वर्षांचा लेखा तेथेंच तुटला असता.

तथापि सूचीस सर्वच कळत नाहीं. वादळांत ध्रुवाजवळच्या आयनांबरांतील विद्युन्मय वायु कोणीकडे व किती वेगानें वाहतो, हें रडार सांगतें. कॅनडांत गूस बे येथें १९८३ सालीं उभारलेल्या रडारापासून ‘सुपरडार्न’ हें जाळें वाढलें. त्या वायूंतील विषम थरांवरून रेडिओलहर परतते, आणि तिच्या कंपनसंख्येंतील फरकावरून वेग निघतो. पण एक रडार आपल्या दृष्टिरेषेंतलाच वेग जाणतें; म्हणून अनेकांचे वेध एकत्र करून, रिकाम्या जागीं पूर्वींच्या वेधांची सरासरी घालून, सबंध प्रदेशाचा नकाशा गणितानें बसवितात. त्यांत बहुधा दोन भोंवरे दिसतात: वायु ध्रुवावरून सूर्याच्या विरुद्ध दिशेस जातो व दोन्ही बगलांनीं परततो.

ही रिकामी जागाच आम्हांस महत्त्वाची वाटते. महावादळें विरळा येतात, आणि सरासरी ही नेहमींच्या दिवसांची असते. १८५९ सारखा दिवस पुन्हां उगवला, तर तो गणितांत बसतो कीं नाहीं हें पाहण्यास जुने वेधच कामास येतील. ते कुलाब्याच्या वहींत आहेत, कारण त्या दिवशीं कोणीतरी कंटाळा न करितां सूची वाचीत बसला होता.