उन्हाने भाजणे : भिलाई परिसर व सुट्टीतील घरगुती उपाय

उन्हाने भाजणे : सूर्यप्रकाशातील अतिनील किरणांमुळे उघड्या त्वचेला होणारी दाहक इजा. शास्त्रीय लेखनात तिला सूर्यदाह म्हणतात. कातडी तांबूस व गरम होते, हात लावला की हुळहुळते, इजा जास्त असल्यास फोड येतात आणि काही दिवसांनी साल निघते. प्रस्तुत नोंदीत छत्तीसगढमधील दुर्ग जिल्ह्यातील भिलाई या पोलादनगरीच्या संदर्भात या इजेची कारणे, घरातल्या घरात करता येणारे उपाय आणि त्या उपायांच्या मर्यादा दिल्या आहेत.

भिलाई पोलाद कारखाना सोव्हिएत संघाच्या साहाय्याने उभा राहिला. त्याच्या पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते झाले. या भागाचा मराठीशी संबंध मात्र कारखान्याहून जुना आहे. अठराव्या शतकाच्या मध्यापासून छत्तीसगढ नागपूरकर भोसल्यांच्या अमलाखाली होते आणि १९५६ पर्यंत दुर्ग जिल्ह्याची राजधानीही नागपूरच होती. त्यामुळे मे महिन्याच्या सुट्टीत नागपूर-गोंदिया-राजनांदगाव मार्गाने दुर्ग-भिलाईला मामा-मावशीकडे जाणे अनेक मराठी घरांना नवे नाही. नेमका हाच महिना येथे उन्हाचा कळस असतो.

संज्ञा

मराठीत उन्हाच्या त्रासाला वेगवेगळे शब्द आहेत आणि ते एकमेकांच्या जागी वापरले की उपायही चुकतो. ‘रापणे’ म्हणजे कातडीचा वर्ण काळवंडणे. ‘भाजणे’ म्हणजे कातडीला दाह होणे. ‘ऊन लागणे’ किंवा ‘ऊन बाधणे’ म्हणजे सगळ्या शरीराला उष्णता झेपेनाशी होणे. त्याचे टोक म्हणजे उष्माघात. पहिल्या दोन गोष्टी किरणांमुळे होतात, तिसरी हवेतील उष्णतेमुळे आणि अंगातील पाणी-मीठ कमी झाल्यामुळे.

भिलाईत या गोंधळात आणखी एका शब्दाची भर पडते. छत्तीसगढीत ‘घाम’ म्हणजे ऊन. मराठीत घाम म्हणजे अंगातून निथळणारे पाणी. दोन्ही शब्द संस्कृत ‘घर्म’ या एकाच शब्दापासून आलेले. शेजारची आजी ‘घाम लागिस’ म्हणते तेव्हा ती घामाबद्दल नव्हे, ऊन लागण्याबद्दल बोलत असते. मे महिन्यातील भाजऱ्या वाऱ्याला छत्तीसगढीत ‘झांझ’ आणि हिंदीत ‘लू’ म्हणतात.

भिलाईचे ऊन

भिलाई सुमारे २१.२ अंश उत्तर अक्षांशावर, म्हणजे कर्कवृत्ताच्या दक्षिणेस आहे. म्हणून सूर्य वर्षातून दोनदा बरोबर डोक्यावर येतो : मेच्या २६-२७ तारखेच्या सुमारास आणि पुन्हा जुलैच्या मध्यास. मराठी वाचकांना परिचित असलेला हा ‘शून्य सावली दिवस’. सूर्य रोहिणी नक्षत्रात प्रवेश करतो तोही साधारण २५ मे रोजी. त्या दिवसापासूनच्या नऊ दिवसांना येथे ‘नवतपा’ म्हणतात. पंचांगातील नवतपा आणि खगोलातील शून्य सावली असे एकाच आठवड्यात येतात. या काळात कमाल तापमान ४२ अंश सेल्सियसच्या आसपास असते आणि काही दिवशी त्याच्याही वर जाते.

पाहुण्यांच्या लक्षात न येणारी गोष्ट घड्याळाची. मेच्या शेवटी पुण्या-मुंबईत सूर्य माथ्यावर येतो तो साडेबाराच्या सुमारास. भिलाई भारतीय प्रमाणवेळेच्या रेखांशाजवळ असल्याने येथे तो जवळजवळ बाराच्या ठोक्यालाच माथ्यावर असतो. सकाळी दहाचे येथील ऊन मुंबईच्या साडेदहाच्या उन्हाइतके चढलेले असते. ‘अकरापर्यंत फिरून येऊ’ हा पुणेरी हिशेब येथे अर्ध्या तासाने चुकतो.

किरणांचा जोर तापमानावरून ठरत नाही, सूर्य किती वर आहे त्यावरून ठरतो. डिसेंबरच्या अखेरीस भिलाईत माध्यान्हीचा सूर्य क्षितिजापासून सुमारे ४५ अंश वर असतो. हवा गार असते, पण बालोदजवळच्या तांदुला धरणाच्या काठी दिवसभर सहल केली तर कातडी तेव्हाही भाजू शकते. याउलट मे महिन्यातील रात्रीच्या झांझेने जीव कासावीस होतो, पण कातडी भाजत नाही. पातळ ढगांतून अतिनील किरणांचा बराच मोठा भाग खाली येतो. म्हणून जुलैतील आभाळावरही विसंबू नये.

कारण व लक्षणे

अतिनील किरणांपैकी २८० ते ३१५ नॅनोमीटर तरंगलांबीचे ‘ब’ किरण भाजण्याला मुख्यतः जबाबदार असतात. ते बाह्यत्वचेच्या पेशींतील डीएनएला इजा करतात. त्यावर शरीर प्रोस्टाग्लँडिनसारखी दाहक द्रव्ये सोडते, त्वचेतील सूक्ष्म रक्तवाहिन्या रुंदावतात आणि लाली, ऊब, ठणका सुरू होतो. ३१५ ते ४०० नॅनोमीटरचे ‘अ’ किरण अधिक खोल शिरतात आणि त्यांच्यामुळे कातडी रापते. साधी खिडकीची काच ‘ब’ किरण अडवते, ‘अ’ किरण बऱ्याच अंशी आत सोडते. म्हणूनच वातानुकूलित डब्यातील प्रवासी फार तर रापतो. स्लीपर डब्यात उघड्या खिडकीवर कोपर टेकवून आलेल्याचा एकच हात भाजलेला असतो.

ही इजा उधारीवर मिळते. उन्हात असताना काही जाणवत नाही. तीन ते पाच तासांनी लाली येते, बारा ते चोवीस तासांत ती कळसाला पोहोचते, तीन दिवसांत ओसरू लागते आणि आठवड्याभरात साल निघते. दुपारी भिलाईच्या मैत्रीबाग उद्यानात हिंडलेल्या मुलाची मान रात्री उशीला टेकत नाही, ती यामुळे.

सावळ्या त्वचेतील मेलॅनिन काही संरक्षण देते, पूर्ण नाही. लाली सहज दिसत नसल्याने तिथे हाताच्या मागच्या बाजूने त्वचा गरम लागते का, ताणल्यासारखी वाटते का, कपडा घासला की हुळहुळते का हे पाहावे. स्कूटरवरून जाणाऱ्यांची मनगटे व हातांच्या पाठी, डोंगरगढच्या बमलेश्वरी मंदिराच्या पायऱ्या चढणाऱ्यांची मान, कान आणि विरळ केसांचा माथा या हमखास भाजणाऱ्या जागा.

कैरीच्या हंगामात ओठांभोवती किंवा हनुवटीवर फोड आले तर ते कैरीच्या चिकाचेही असू शकतात. मुलाने कैरी खाल्ली होती का, हे आधी विचारावे.

घरगुती उपाय

थंडावा. पहिला आणि सर्वांत भरवशाचा उपाय म्हणजे गार पाणी. मात्र ‘नळाखाली हात धरा’ हा सल्ला मेच्या दुपारी भिलाईत फसतो. गच्चीवरच्या काळ्या टाकीतले पाणी तेव्हा चटका बसेल इतके तापलेले असते. पहाटे भरून न्हाणीघरात सावलीत ठेवलेली बादली किंवा माठातले पाणी वापरावे. सुती फडके किंवा जुना मऊ गमछा त्यात बुडवून, हलका पिळून, भाजलेल्या भागावर दहा-पंधरा मिनिटे ठेवावा. दिवसातून चार-सहा वेळा हेच करावे. मेची हवा कोरडी असल्याने ओल्या फडक्यातील पाणी झपाट्याने उडते आणि त्वचेतील उष्णता सोबत नेते. माठातले पाणी गार होण्याचे तत्त्वही हेच. पावसाळ्यात हवा दमट झाली की माठ आणि फडके या दोन्हींचे काम मंदावते.

कोरफड. भिलाईच्या सेक्टरमधील अनेक घरांच्या अंगणात हिची कुंडी असते. हिंदीत घृतकुमारी, ग्वारपाठा. पान बुडापासून कापल्याबरोबर गर काढू नये. कापलेली बाजू खाली करून पान दहा-पंधरा मिनिटे वाटीत उभे ठेवावे. त्यातून पिवळट, कडू रस निथळतो. हाच रस आटवून काळा बोळ करतात, आणि तो त्वचेला झोंबू शकतो. तो गेल्यावर पान धुऊन, काटेरी कडा छाटून, आतला पारदर्शक गर काढावा. मनगटाच्या आतल्या बाजूस थोडा लावून खाज येत नाही ना हे पाहावे आणि मगच भाजलेल्या जागी पातळ थर द्यावा. गराने गारवा व ओलावा मिळतो. इजा लवकर भरते याचे पुरावे मात्र संमिश्र आहेत.

दही, दूध, काकडी. फ्रिजमधील दुधात बुडवलेली पट्टी किंवा किसलेल्या काकडीचा थर यांचा गुण मुख्यतः गारव्याचा. दही अखंड त्वचेवरच लावावे आणि सुकण्याआधी धुवावे. फोड किंवा सोललेल्या जागी ते झोंबते.

चंदन, वाळा, लाह्या. चरकसंहितेत दाह शमवणाऱ्या दहा द्रव्यांचा ‘दाहप्रशमन’ गण सांगितला आहे. त्यात चंदन, उशीर म्हणजे वाळा, आणि लाजा म्हणजे साळीच्या लाह्या यांचा समावेश आहे. वाळ्याची जुडी माठात टाकण्याची आणि लाह्यांचे पाणी पिण्याची मराठी घरांतील रीत याच परंपरेतली. चंदन सहाणेवर उगाळून पातळ लावावे. बाजारी पूड सुगंधी व भेसळीची असू शकते. पाण्यात शंभर वेळा फेटून धुतलेल्या तुपाला शतधौत घृत म्हणतात. ते पांढरे, मलमासारखे मऊ होते. ते दाह ओसरल्यावर, साल निघू लागल्यानंतरच्या कोरडेपणासाठी योग्य.

औषधाच्या दुकानातील कॅलामाइन लोशनने खाज व चुणचुण कमी होते. ठणका असल्यास मोठ्यांनी पॅरासिटामॉल किंवा आयबुप्रोफेन मात्रेप्रमाणे घ्यावे. आयबुप्रोफेन रिकाम्या पोटी किंवा अंगातले पाणी कमी झालेले असताना घेऊ नये. मुलांना ॲस्पिरिन देऊ नये.

पोटातून घ्यायचे पदार्थ

पन्हे, ताक, लाह्यांचे पाणी आणि छत्तीसगढचे बोरे-बासी यांनी भाजलेली कातडी बरी होत नाही. त्यांचे काम वेगळे आहे : घामावाटे गेलेले पाणी व मीठ भरून काढणे. रात्रीचा भात पाण्यात भिजत ठेवून सकाळी मीठ, कांदा, हिरवी मिरची यांसह खाणे म्हणजे बासी. शेतकरी-मजुरांचे हे अन्न २०२२ मध्ये छत्तीसगढमध्ये १ मे रोजी ‘बोरे-बासी दिवस’ म्हणून शासकीय पातळीवरही साजरे झाले. भात स्वच्छ पाण्यात भिजवलेला व आंबूस वास न येणारा असावा.

जुलाब, उलटी किंवा फार घाम झाल्यास एक लिटर स्वच्छ पाण्यात सपाट सहा चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालून घोट-घोट द्यावे. तयार ओआरएस मिळाल्यास उत्तम. मधुमेह्यांनी पन्ह्यातील गुळाचा, रक्तदाब असलेल्यांनी ताकातील मिठाचा विचार करावा.

खिशात कांदा ठेवण्याची चाल विदर्भापासून छत्तीसगढपर्यंत आहे. खिशातल्या कांद्याने ऊन अडत नाही. तोच कांदा बासीबरोबर खाल्ला तर निदान पोटात तरी जातो.

टाळावयाच्या गोष्टी

बर्फ थेट लावू नये. बधिर त्वचेला नव्याने इजा होते. टूथपेस्ट, अत्तर, कोलोन यांनी आग वाढते. ताज्या भाजण्यावर तेल, तूप किंवा लोणी थापल्यास ऊब आत कोंडते. हळद-बेसनाचे उटणे घासून ‘काळेपणा काढणे’ म्हणजे दुखावलेली कातडी खरवडणे. मुलतानी माती सुकताना त्वचा ओढते. लिंबाचा रस सर्वांत वाईट : त्यातील फ्युरोकौमारिन द्रव्यांवर ऊन पडले की फोड येतात आणि नंतर महिनोन् महिने डाग राहतो. फोड फोडू नयेत, सुटलेली साल ओढू नये.

भट्टीची धग आणि आर्क

पोलादनगरीत भाजणे म्हटले की लोकांना भट्टी आठवते. झोतभट्टीतील वितळलेले लोखंड सुमारे १,५०० अंश सेल्सियस असते. त्याची धग मुख्यतः अवरक्त किरणांची. ती जागच्या जागी चटका देते आणि माणूस आपोआप मागे सरतो. ऊन तशी सूचना देत नाही.

उन्हाशी खरे नाते वेल्डिंगच्या आर्कचे. त्यातून तीव्र अतिनील किरण निघतात आणि उघड्या गळ्यावर, मनगटावर हुबेहूब उन्हाने भाजल्यासारखी इजा होते. डोळ्यांच्या पारपटलालाही तीच इजा होते : काही तासांनी, बहुधा रात्री, डोळ्यांत वाळू गेल्यासारखे खुपते, पाणी गळते, उजेड सहन होत नाही. बंद पापण्यांवर गार पट्टी ठेवून, अंधाऱ्या खोलीत विश्रांती घ्यावी. बटाट्याची चकती पापणीवर ठेवली तर तिचाही उपयोग गारव्यापुरताच. डोळ्यांत दूध, गुलाबपाणी किंवा मध घालू नये. त्रास बहुधा एक-दोन दिवसांत ओसरतो, तरी डोळे तपासून घ्यावेत.

डॉक्टरकडे केव्हा जावे

अंगाच्या मोठ्या भागावर किंवा चेहऱ्यावर फोड, थंडी-ताप, मळमळ, फोडांतून पू, किंवा वर्षाच्या आतील बाळाला भाजणे या अवस्थांत घरगुती उपायांवर थांबू नये. डॉक्सिसायक्लिनसारख्या काही औषधांनी त्वचा उन्हाला हळवी होते; थोड्याशा उन्हानेही फार भाजल्यास चालू औषधांची यादी दाखवावी.

बोलणे असंबद्ध होणे, तोल जाणे, झटके, शुद्ध हरपणे ही उष्माघाताची चिन्हे आहेत. शरीराचे तापमान तेव्हा ४० अंश किंवा अधिक असते. रुग्णाला सावलीत आणून, कपडे सैल करून, अंगावर पाणी ओतत व वारा घालत राहावे आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. बेशुद्धाच्या तोंडात पाणी किंवा पन्हे घालू नये. अशा तापावर पॅरासिटामॉलचा उपयोग होत नाही.

प्रतिबंध

घट्ट विणीचे, पूर्ण बाह्यांचे सुती कपडे, रुंद काठाची टोपी, छत्री, आणि उघड्या भागावर एसपीएफ ३० किंवा अधिकचे सनस्क्रीन दर दोन तासांनी, ही साधने पुरेशी आहेत. भिजवलेला पातळ गमछा डोक्याला गारवा देतो, पण ओला झाल्यावर त्यातून किरण अधिक शिरतात. म्हणून गारव्यासाठी ओला आणि आडोशासाठी जाड, कोरडा असे दोन असावेत. सहा महिन्यांखालील बाळाला थेट उन्हात नेऊच नये.

मोजमापासाठी उपकरण लागत नाही. सावली स्वतःच्या उंचीपेक्षा लांब असेल तर किरण तुलनेने सौम्य. उंचीइतकी झाली की सावध व्हावे. त्याहून आखूड असेल तर आडोसा शोधावा. भिलाईत डिसेंबरच्या भर दुपारी ती जेमतेम उंचीइतकी असते. नवतप्यात बाराला ती पायांखाली नाहीशी होते, आणि त्या वेळी पाहुण्याने मामाच्या घरात, माठाजवळ असावे.