चार भोकांचा पत्ता

घरी विणायचं म्हटलं की पहिली अडचण मागाची. तो आणायचा कुठून, ठेवायचा कुठे, आणि त्यावर ताणा, म्हणजे उभे धागे, लावून देणार कोण? दोन खोल्यांच्या घरात या प्रश्नांना उत्तर नसतं, आणि हौस तिथेच विरते. म्हणून विणायची आवड आहे असं कुणी म्हणालं, की मी त्याच्यासमोर पत्ते ठेवते. खेळायचेच पत्ते. ते चौकोनी कापायचे, चारही कोपऱ्यांना एकेक भोक पाडायचं आणि त्यांतून दोरे ओवायचे. पट्टी विणायला याहून जास्त काही लागत नाही. बघणाऱ्याला हा कुणीतरी सुट्टीत शोधलेला उद्योग वाटतो. प्रत्यक्षात हे तंत्र अडीच हजार वर्षांहून जुनं आहे आणि त्यावर राण्या, भिक्षू आणि इतिहाससंशोधक यांचे हात फिरलेले आहेत.

आधी ते चालतं कसं ते सांगते, कारण पुढची सगळी कथा त्यावरच उभी आहे. एका पत्त्यात चार दोरे. असे दहा-बारा पत्ते एकावर एक गड्डीसारखे धरायचे. दोऱ्यांचं एक टोक खिडकीच्या गजाला बांधायचं, दुसरं आपल्या कमरेच्या पट्ट्याला, आणि जरा मागे सरकून ताण द्यायचा. गड्डी उभी धरली की प्रत्येक पत्त्याचे दोन दोरे वर राहतात, दोन खाली, आणि मधे फट पडते. त्या फटीतून आडवा धागा घालायचा, फूटपट्टीने दाबून बसवायचा आणि सगळी गड्डी एक चतुर्थांश फिरवायची. आता वरचा एक दोरा खाली गेला, खालचा एक वर आला, नवी फट पडली. पुन्हा धागा, पुन्हा फूटपट्टी, पुन्हा पाव फेरा.

साध्या मागावर ताण्याचे धागे वरखाली होतात, पण एकमेकांभोवती फिरत नाहीत. इथे फिरतात. प्रत्येक पत्ता आपल्या चार दोऱ्यांना पीळ देत जातो, म्हणजे विणता विणता दोरी वळली जाते, आणि आडवा धागा अशा दहा-बारा दोऱ्यांना शेजारी शेजारी शिवून टाकतो. त्यामुळे पट्टी कमालीची मजबूत होते. आडवा धागा जवळजवळ दिसतच नाही; रंग आणि नक्षी सगळी ताण्याची. दोरा पत्त्याच्या डावीकडून ओवला की उजवीकडून, यावर पिळाचा कल ठरतो. गड्डी पुढेच फिरवत राहिलात तर पलीकडच्या टोकाला दोऱ्यांचा गुंता चढतो. तो उतरवायला गड्डी उलट फिरवावी लागते, आणि ज्या ठिकाणी फिरवली तिथे नक्षीचा कल आरशातल्यासारखा उलटतो. ही उलटी जागा कापडात कायमची राहते.

पत्ते लाकडाचे, हाडाचे, चामड्याचे असत. ते बहुतेक कुजले, जळले, हरवले. पीळ मात्र कापडाच्या कपट्यातही सापडतो. इटलीत व्हेरुक्क्यो इथल्या थडग्यांत इ. स. पूर्व आठव्या शतकाच्या अखेरच्या सुमाराची अंगवस्त्रं मिळाली. त्यांचे काठ असे विणलेले आहेत. ऑस्ट्रियात हालश्टाटच्या मिठाच्या खाणीत मिठाने लोकरीच्या पट्ट्या रंगांसकट जपल्या. जर्मनीत होखडोर्फच्या सरदाराच्या थडग्यात, सुमारे इ. स. पूर्व ५३०, याच तंत्राच्या कापडांवर स्वस्तिकाची नक्षी निघाली. प्रत्यक्ष पत्ते स्पेनमध्ये एल सिगारालेहो इथल्या इ. स. पूर्व चौथ्या शतकातल्या थडग्यात हाती लागले. टणक लाकडाचे, पातळ, कोपऱ्यांना भोकं असलेले.

प्राचीन युरोपात कापड उभ्या मागावर विणत. वरच्या दांडीवरून ताण्याचे धागे खाली सोडायचे आणि त्यांना दगडाची किंवा भाजक्या मातीची वजनं बांधायची. हे शेकडो धागे सरळ, सारख्या अंतरावर राहावेत कसे? विणकर बाया आधी पत्त्यांवर एक काठ विणायला घेत. प्रत्येक फटीतून आडवा धागा घालताना त्याचा लांब वेढा एका बाजूला ओढून ठेवत. काठ पुरा झाला की तो दांडीला शिवायचा. बाहेर सोडलेले ते लांब वेढे म्हणजेच पुढच्या कापडाचा ताणा. आपल्याकडे लुगडं आणि त्याचा काठ एकाच वेळी मागावर उतरतात. तिथे आधी काठ, मग त्या काठातून कापड. ही युक्ती मला फार मोठी वाटते. काठ तिथे शोभेपुरता नव्हता, कापडाची सुरुवातच त्याच्यापासून होत होती.

नॉर्वेतल्या टॉन्सबर्गजवळ ओसेबर्ग इथे १९०४ साली एका टेकाडाखालून अख्खं जहाज खणून काढलं. सन ८३४ मध्ये त्या जहाजासकट दोन स्त्रियांना पुरलं होतं, एक सत्तरीपुढची, दुसरी पन्नाशीची. त्यांच्यासोबत गाडी, पलंग, भांडी, रेशीम आणि विणकामाचा सगळा सरंजाम. त्यात ५२ पत्त्यांची गड्डी होती, आणि पत्त्यांतले दोरे तसेच ओवलेले. पट्टी अर्ध्यावर होती. बाराशे वर्षांपूर्वी कुणाच्या हातातून ती सुटली ते कळायला मार्ग नाही, पण २०८ दोरे एकेक करून भोकांतून काढणारे हात किती सरावलेले असतील, याचा अंदाज ज्याने बारा पत्ते ओवलेत त्याला येतो.

त्याच काळात स्वीडनमधल्या बिर्का या व्यापारी गावात चांदीच्या तारेच्या झुळझुळीत पट्ट्या विणत. इंग्लंडच्या एल्फ्लेड राणीने ९०९ ते ९१६ या काळात बिशपसाठी करवून घेतलेल्या वस्त्रांच्या कडाही पत्त्यांवरच्या. त्या आज डरहमला आहेत. राजघराणी आणि देवघरं या दोन्हींना या पट्ट्या लागत.

मग यंत्रांचे माग आले, फितींचे वेगळे माग आले, आणि पत्ते मागे पडले. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस युरोपातल्या बहुतेक पंडितांना हे तंत्र अस्तित्वात होतं हेच ठाऊक नव्हतं. त्यांच्या डोळ्यांसमोर ते पुन्हा आणलं एका बाईने. मार्गारेट लेमान-फिलेस या बर्लिनच्या. आइसलँडच्या लोककथा त्यांनी जर्मनमध्ये आणल्या होत्या. आइसलँडिक वाचताना त्यांना या विणीचा पत्ता लागला आणि ती चालते कशी ते त्यांनी हाताने करून शोधलं. १९०१ साली त्यांचं पत्तेविणीवरचं पुस्तक आलं. त्याच्यानंतर तीनच वर्षांनी ओसेबर्गची गड्डी निघाली. आज घरात बसून कुणी पत्त्यांवर पट्टी विणत असेल, तर त्यामागे या भाषांतरकार बाईंची चिकाटी आहे, आणि विणकामाच्या इतिहासात त्यांचं नाव आहे त्याहून ठळक हवं.

तंत्र उजेडात आलं आणि लगेच त्याला फार जुनं कूळ जोडायची घाई सुरू झाली. लिव्हरपूलच्या संग्रहालयात रामसेस तिसरा या इजिप्तच्या राजाच्या नावाशी जोडलेला लिननचा कमरपट्टा आहे. लांबी ५.२ मीटर, रुंदी एका टोकाकडून दुसऱ्याकडे निमुळती होत गेलेली, काळ सुमारे इ. स. पूर्व १२००. इतका बारीक नक्षीचा पट्टा पत्त्यांशिवाय होणारच नाही, असं अभ्यासक थोरोल्ड ली यांनी १९१३ मध्ये मांडलं. १९१६ साली व्हान जेनेप आणि जेकिए यांनी तर इजिप्तच्या नक्षीवर पत्त्यांच्या आधारे पुस्तकच लिहिलं. १९२३ मध्ये ग्रेस क्राउफूट आणि लिंग रॉथ यांनी त्याला हरकत घेतली, आणि पुढे ओटफ्रीड स्टाउडिगेल यांनी तसा पट्टा साध्या मागावर विणता येतो हे दाखवून दिलं. पत्त्यांचा पीळ त्या पट्ट्यात नाही. इजिप्तने पत्ते वापरले याचा पुरावा या पट्ट्यातून मिळत नाही, आणि मला हा निकाल पटतो. पट्ट्याचं मोठेपण त्याने कणभर कमी होत नाही. उलट असं काम साध्या मागावर करणाऱ्याचं कौतुक वाढतं.

युरोप विसरला तरी कॉकेशस, तुर्कस्तान, इराण, उत्तर आफ्रिका, चीन इथे पत्ते फिरतच होते. माझ्या मते या कलेचं सर्वांत नाजूक रूप दिसलं ब्रह्मदेशात. रत्नागिरीच्या थिबा राजवाड्यामुळे आणि टिळकांच्या मंडालेमुळे तो देश आपल्याला नावाने ओळखीचा, पण त्याचे 'साझीजो' आपल्याकडे फारसे कुणी पाहिलेले नाहीत. ताडपत्रावरची बौद्ध धर्मग्रंथाची पोथी विहाराला दान द्यायची, तर ती लाकडी फळ्यांमध्ये ठेवून, वस्त्रात गुंडाळून, बोटभर रुंदीच्या लांबलचक फितीने बांधत. ही फीत म्हणजे साझीजो. ती चामड्याच्या पत्त्यांवर विणलेली, आणि तिच्यात अक्षरं विणलेली. दात्याचं नाव, पदवी, या पुण्याने निर्वाण मिळो ही इच्छा, मधे मधे पागोडे आणि प्राणी. ब्रह्मी लिपीतली गोल अक्षरं दोऱ्यांच्या चौकटीत बसवणं हे अवघड काम आहे. एकेक पत्ता गड्डीतून वेगळा काढून त्याची दिशा बदलावी लागते. एका बाजूला पांढऱ्यावर लाल अक्षर उमटतं, तर मागच्या बाजूला लालवर पांढरं. पोथीची दोरीच पोथीसारखी वाचता येते, असं काम मी दुसऱ्या कुठल्या देशाचं पाहिलेलं नाही. विसाव्या शतकात ही परंपरा मावळली.

तिकडे पाश्चात्य देशांत मात्र या विणीवर १९७३ साली कँडेस क्रॉकेट यांचं आणि १९८२ मध्ये पीटर कॉलिंगवूड यांचं पुस्तक आलं. कॉलिंगवूड यांनी जगभरच्या विणींची फोड करून दाखवली, आणि छंद म्हणून पत्ते घराघरांत गेले. आपल्याकडे अजून फार थोडे लोक हे करतात.

तुम्ही सुरू करा. प्लॅस्टिक चढवलेली जुनी गड्डी घ्या, बारा पत्ते पुरतात. ते एकदम चौकोनी कापा, कोपरे गोल करा म्हणजे दोरे अडकणार नाहीत, आणि एका कोपऱ्यापासून क्रमाने १ ते ४ आकडे घाला. दोरा सुती आणि घट्ट पिळाचा असावा. लोकर सुरुवातीला ताणली जाते आणि हात घाबरतो. दोनच रंग घ्या, एक गडद, एक फिका, प्रत्येकी दोन दोरे. पहिली चार बोटं फक्त पुढे फिरवा, मग चार बोटं मागे. कल कुठे उलटतो ते बघा. चुकलं तर आडवा धागा काढून गड्डी त्याच वाटेने परत फिरवा, सगळं जसं होतं तसं होतं. एक सुट्टीचा दिवस द्या. संध्याकाळपर्यंत पिशवीला लावण्याइतका पट्टा हातात येतो.