शेल स्वतः बांधताना : मूळ संहितेपासून ‘बॅश’ची उभारणी

संगणकाला काम सांगण्याचा एक जुना आणि अजूनही टिकून राहिलेला मार्ग म्हणजे ते काम अक्षरांत लिहून देणे. युनिक्स व लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिममध्ये लिहिलेली ओळ वाचणारा, तिचा अर्थ लावणारा आणि योग्य त्या प्रोग्रॅमला हाक मारणारा जो मध्यस्थ असतो, त्याला ‘शेल’ म्हणतात. माउसची टिचकी मारून काम करणाऱ्यांस तो क्वचितच दिसतो. परंतु संगणक सुरू होताना चालणाऱ्या अनेक आज्ञावल्या, सर्व्हरवरील रात्रीची कामे आणि दूरच्या यंत्रावर बसून केलेली दुरुस्ती यांतील फार मोठा भाग त्याच्याच हातून होतो. असा हा मध्यस्थ तयार न घेता त्याच्या मूळ संहितेपासून, म्हणजे सोर्स कोडपासून, आपल्या यंत्रावर कसा बांधावा आणि तो बांधताना कोठे जपावे, याची माहिती येथे दिली आहे.

युनिक्सचा पहिला शेल केन थॉम्पसन यांनी १९७१ मध्ये लिहिला. १९७९ मध्ये युनिक्सच्या सातव्या आवृत्तीबरोबर स्टीफन बोर्न यांचा शेल आला आणि शेलमध्ये लिहिण्याची जी भाषा आज प्रचलित आहे, तिचा पाया त्याने घातला. मात्र तो बेल लॅबोरेटरीजचा होता. त्याची संहिता कोणालाही वाटेल तशी वापरता येत नव्हती. रिचर्ड स्टॉलमन यांच्या ‘जीएनयू’ प्रकल्पाला मुक्त शेलची गरज होती. ती भागविण्यासाठी ब्रायन फॉक्स यांनी लिहिलेला ‘बॅश’ १९८९ मध्ये लोकांसमोर आला. ‘बोर्न अगेन शेल’ हे त्याचे पूर्ण नाव. बोर्न यांचे आडनाव आणि ‘पुनर्जन्म’ हा अर्थ यांवर केलेली ही कोटी आहे. त्याचा सांभाळ पुढे चेट रॅमी यांच्याकडे आला आणि गेली तीसहून अधिक वर्षे तो त्यांच्याचकडे आहे. जगभरातील सर्व्हर ज्यावर विसंबून आहेत, ते साधन इतकी वर्षे मुख्यतः एका माणसाच्या देखरेखीखाली असावे, हे नवल करण्यासारखेच आहे.

साचा आणि ओतीव

लिनक्सबरोबर शेल तयार मिळतो. मग तो पुन्हा बांधण्याचा खटाटोप कशासाठी? याचे उत्तर संगणकाबाहेरच्या एका उदाहरणाने चटकन ध्यानात येते. औंध संस्थानात, कुंडल रोड स्थानकाजवळच्या माळावर, लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० मध्ये आपला कारखाना बेळगावहून हलविला. औंधचे अधिपती भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी त्यासाठी जमीन आणि कर्ज दिले. तेथे लोखंडी नांगर तयार होऊ लागले. परदेशी नांगर विकत घेणे आणि नांगर ओतण्याची भट्टी आपल्या मुलखात असणे, यांत मोठा फरक आहे. फाळ झिजला, मोडला किंवा आपल्या जमिनीला मानवेना, तर विकत घेतलेल्या नांगराचा मालक नव्या मालाची वाट पाहत बसतो. ज्याच्याजवळ साचा आहे तो साचा बदलून नवे ओतीव काढतो.

सॉफ्टवेअरमध्ये मूळ संहिता हा साचा, कंपायलर ही भट्टी आणि चालणारा प्रोग्रॅम हे ओतीव. तयार मिळालेले ओतीव उत्तम चालते. पण त्यात काय मिसळले आहे हे सहजी दिसत नाही आणि त्यातील दोष बाहेरून दुरुस्त करता येत नाही. आपण बांधलेला शेल अधिक वेगाने चालेल, अशी समजूत पुष्कळांची असते. तिच्यात फारसे तथ्य नाही. बांधण्याचा खरा लाभ दुरुस्तीचे स्वातंत्र्य हा आहे, आणि त्या स्वातंत्र्याला अडचणीच्या वेळी केवढे मोल येते हे २०१४ साली दिसून आले.

त्या वर्षी सप्टेंबरमध्ये स्तेफान शाझलास यांना बॅशमध्ये एक दोष आढळला. २४ सप्टेंबरला तो जाहीर झाला आणि ‘शेलशॉक’ या नावाने प्रसिद्धी पावला. परिसरातील चलांतून, म्हणजे एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमधून, आलेली फंक्शनची व्याख्या वाचताना बॅश तिच्या पुढे जोडलेला मजकूरही आज्ञा समजून पार पाडत असे. वेबसर्व्हर बाहेरून आलेल्या विनंतीतील मजकूर याच चलांत भरून आज्ञावल्यांकडे पाठवीत असल्याने, कोणीही परका मनुष्य दूरवरून सर्व्हरकडून हवे ते करवून घेऊ शकत होता. हा दोष १९८९ पासून, म्हणजे पंचवीस वर्षे, सर्वांच्या डोळ्यांसमोर असलेल्या संहितेत होता. ‘संहिता खुली आहे, म्हणजे कोणीतरी तपासलीच असेल’ असे मानणाऱ्यांना मिळालेला हा चांगलाच धडा होता. पहिली दुरुस्ती अपुरी ठरली व पाठोपाठ आणखी दुरुस्त्या निघाल्या. ज्यांच्या लिनक्सच्या आवृत्तीला वितरकाचा आधार होता, त्यांना तयार पॅकेज मिळाले. आधार संपलेले जुने सर्व्हर ज्यांच्याकडे होते, त्यांना मात्र संहिता व दुरुस्त्या उतरवून घेऊन शेल स्वतः बांधणे हाच मार्ग उरला. आणि ज्यांना ते येत होते त्यांचे काम एका बैठकीत झाले.

बांधणी

पुढील आज्ञा येथे देवनागरीत छापल्या आहेत. प्रत्यक्ष टंकताना त्या रोमन लिपीत, लहान अक्षरांत द्यावयाच्या आहेत. आधी संगणकावर सी भाषेचा कंपायलर आणि ‘मेक’ हे साधन हवे. डेबियन किंवा उबुंटूवर ‘बिल्ड-इसेन्शियल’ या एका पॅकेजमधून दोन्ही मिळतात. बॅशची संहिता जीएनयू प्रकल्पाच्या संकेतस्थळावर गाठोड्याच्या रूपात असते. तिचा आकार दहा-अकरा मेगाबाइटच्या आसपास असतो. जुलै २०२५ मध्ये ५.३ ही आवृत्ती प्रसिद्ध झाली.

गाठोड्याबरोबर त्याच नावाची, शेवटी ‘सिग’ असलेली छोटी फाइलही मिळते. ही सांभाळकर्त्याची अंकीय स्वाक्षरी. ‘जीपीजी’ या साधनाने ती पडताळून पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नये. घाईत ही पायरी सहज गाळली जाते. वास्तविक सगळ्या प्रक्रियेतील विश्वासाचा भाग येथेच आहे.

‘टार’ने गाठोडे सोडून त्या डिरेक्टरीत शिरल्यावर पहिली आज्ञा ‘कॉन्फिगर’ची. ही आज्ञा काहीच बांधत नाही. ती चौकशी करते. यंत्र कोणते, कंपायलर कोणता, कोणती लायब्ररी उपलब्ध आहे, अमुक फंक्शन अपेक्षेप्रमाणे वागते का, अशा शेकडो प्रश्नांची उत्तरे ती इवलेसे प्रोग्रॅम लिहून, ते कंपाइल करून मिळविते आणि त्यांवरून ‘मेकफाइल’ तयार करते. पडद्यावर सरसर जाणाऱ्या ओळी या त्या प्रश्नोत्तरांच्या होत. काम अडल्यास ‘कॉन्फिग.लॉग’ ही फाइल उघडावी. तिच्या अखेरीस चलांची लांबलचक यादी असते, तिने घाबरून जाऊ नये. खरे कारण त्या यादीच्या वर सापडते.

याच आज्ञेला ‘प्रीफिक्स’ हा पर्याय जोडून शेल कोठे बसवायचा हे सांगता येते. काही न सांगितल्यास तो ‘यूएसआर’मधील ‘लोकल’ या डिरेक्टरीत जातो. ही योजना विचारपूर्वक केलेली आहे : मूळचा शेल ‘बिन’मध्ये जेथल्या तेथे राहतो आणि नवा त्याच्या शेजारी उभा राहतो. ज्यांना यंत्रावर प्रशासकाचे अधिकार नाहीत, म्हणजे महाविद्यालयातील सामाईक सर्व्हर वापरणारे विद्यार्थी वगैरे, त्यांनी प्रीफिक्स म्हणून स्वतःच्या होम डिरेक्टरीतील एखादी जागा द्यावी. कोणाची परवानगी लागत नाही आणि कोणाचे नुकसानही होत नाही. प्रीफिक्स म्हणून मुळाची जागा देऊन मूळ शेलवरच नवा लादण्याचा मोह मात्र कटाक्षाने टाळावा. यंत्र सुरू होताना चालणाऱ्या आज्ञावल्या त्या जुन्या शेलच्या भरवशावर असतात. तो बिघडला, तर तो दुरुस्त करण्यासाठी लागणारे साधनही त्याच्याबरोबरच जाते.

यानंतर ‘मेक’. आजच्या साध्या संगणकावर काही मिनिटांत बांधणी होते. मग ‘मेक टेस्ट्स’ ही आज्ञा देऊन चाचण्या चालवाव्यात. त्यांत काही फरक दाखविले जातात, पण प्रत्येक फरक म्हणजे दोष नव्हे. कोणता फरक अपेक्षित आहे याच्या सूचना चाचण्या स्वतःच देतात. त्या वाचण्याचा कंटाळा करू नये.

‘औंध’ची लांबी किती?

मराठी वाचकाने आणखी एक चाचणी स्वतः करावी. बॅशमध्ये बहुबाइट अक्षरांची सोय २००२ सालच्या २.०५बी या आवृत्तीपासून आहे. कॉन्फिगरच्या वेळी ती बंदही करता येते. नवा शेल चालवून एका चलात ‘औंध’ हा शब्द ठेवावा आणि त्याची लांबी विचारावी. यूटीएफ-८ वर आधारलेली मराठी किंवा इंग्रजी लोकॅल असेल, तर उत्तर ३ येते : औ, अनुस्वार आणि ध. लोकॅल ‘सी’ असेल किंवा बहुबाइट सोय वगळून शेल बांधला असेल, तर उत्तर ९ येते. कारण यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइटचे असते. पडद्यावर मात्र हा शब्द दोनच घरे व्यापतो, कारण अनुस्वार औवर बसतो.

नऊ, तीन आणि दोन या तिन्ही संख्या आपापल्या जागी बरोबर आहेत, आणि आज्ञेच्या ओळीवर मराठी लिहिताना होणाऱ्या गोंधळाचे मूळ नेमके येथे आहे. काना किंवा वेलांटी यांची रुंदी शून्य धरायची की एक, याबद्दल शेल आणि टर्मिनल यांचे मत जुळले नाही, की कर्सर एकीकडे दिसतो आणि अक्षर दुसरीकडे खोडले जाते. हा दोष बहुधा बांधणीचा नसतो. शेल पुन्हा बांधण्यापूर्वी टर्मिनल बदलून पाहावे. फाइलींना मराठी नावे देणाऱ्यांनी लांबीवर आधारलेल्या आज्ञावल्या लिहिताना लोकॅल कोणती आहे हे आधी तपासावे, हे बरे.

बसविताना

चाचण्या समाधानकारक झाल्यावर ‘मेक इन्स्टॉल’. प्रीफिक्स प्रशासकाच्या जागेचा असेल, तरच येथे ‘सुडो’ लागतो. आधीच्या पायऱ्या प्रशासक होऊन करण्याचे कारण नाही. बसविल्यावर ‘बॅश’ला आवृत्ती विचारली असता नवा आकडा येतो, पण ‘बॅश व्हर्जन’ हे चल छापले तर जुनाच दिसतो. यात चूक काही नाही. आपण अजून जुन्याच शेलमध्ये बसलेले असतो.

नवा शेल कायमचा करावयाचा असल्यास त्याचा पूर्ण मार्ग ‘ईटीसी’मधील ‘शेल्स’ या यादीत प्रशासकाने लिहावा लागतो; त्यानंतर ‘सीएचएसएच’ ही आज्ञा तो स्वीकारते. या वेळी एक टर्मिनल उघडे ठेवावे आणि दुसऱ्यातून लॉगइन करून पाहावे. मार्गात एखादे अक्षर चुकले, तर पुढच्या लॉगइनला दार बंद होते आणि उघडे ठेवलेले टर्मिनल हीच तेवढी मागची वाट राहते. प्रशासकाच्या, म्हणजे रूटच्या, खात्याचा शेल बदलूच नये. आणीबाणीत ज्या डिस्कवर नवा शेल आहे ती जोडलेलीच नसण्याची शक्यता असते.

येथे एक सूक्ष्म गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. आज्ञावलीच्या पहिल्या ओळीत ‘बिन’मधील बॅशचा मार्ग लिहिलेला असेल, तर ती जुन्या शेलवरच चालत राहते. शेलशॉकसारख्या दोषावर आपल्या होम डिरेक्टरीत नवा शेल बसवून वेबसर्व्हर सुरक्षित होत नाही. तेथे मूळ जागीच दुरुस्ती झाली पाहिजे, आणि ती शक्यतो वितरकाच्या पॅकेजमधून व्हावी.

मार्च २०२४ मध्ये या साऱ्या विश्वासाला आणखी एक तडा गेला. ‘एक्सझेड’ या दाबणीच्या साधनाच्या ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत चोरदरवाजा बसविला असल्याचे आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याच्या लक्षात आले. लॉगइनला अर्ध्या सेकंदाचा अनाकलनीय विलंब का होतो, हे शोधताना तो सापडला. त्याला कामाला लावणारी कळ प्रकल्पाच्या सार्वजनिक भांडारात नव्हती. ती फक्त प्रसिद्ध केलेल्या गाठोड्यात, कॉन्फिगरच्या पायरीशी जोडलेली होती. गाठोड्यावर स्वाक्षरी होती, पण ती करणाराच घातकी निघाला. केन थॉम्पसन यांनी तर १९८४ मध्येच प्रसिद्ध झालेल्या ट्युरिंग पुरस्काराच्या भाषणात दाखवून दिले होते, की संहिता स्वच्छ असली तरी तिचे ओतीव काढणारा कंपायलर दूषित असू शकतो. स्वतः बांधल्याने सर्व संशय फिटतो असे नाही. संशय कोठे घ्यावा हे मात्र कळू लागते.

बॅशच्या दुरुस्त्या क्रमांक दिलेल्या छोट्या फाइलींच्या रूपात निघतात, ५.२.२१ यातील शेवटचा आकडा म्हणजे २१ वी दुरुस्ती. संहितेच्या डिरेक्टरीत जाऊन ‘पॅच’ या आज्ञेला ‘-पी०’ हा पर्याय देऊन त्या क्रमाने लावाव्यात, मधला क्रमांक गाळू नये, आणि पुन्हा मेकपासून सुरुवात करावी. आपण बांधलेल्या शेलच्या दुरुस्त्या पॅकेज व्यवस्था आपल्या आपण आणून देत नाही. ही जबाबदारी बांधणाऱ्याची. त्यासाठी बांधणी झाल्यावर संहितेची डिरेक्टरी पुसून टाकू नये. पुढे शेल काढून टाकावासा वाटला, तर ‘मेक अनइन्स्टॉल’ ही आज्ञा त्याच डिरेक्टरीतून द्यावी लागते. ती राहिली नसेल, तर तीच आवृत्ती पुन्हा उतरवून, तोच प्रीफिक्स देऊन कॉन्फिगर चालवावे आणि मग ती आज्ञा द्यावी.