कुरारे : विषाची वेल आणि जागा राहिलेला रुग्ण

ॲमेझॉनच्या वरच्या खोऱ्यात उंच वृक्षांच्या शेंड्यांपर्यंत चढणारी एक काष्ठमय महावेल आढळते : कॉन्ड्रोडेन्ड्रॉन टोमेंटोसम. आपल्या गुळवेलीचे आणि तिचे वनस्पतिकुल एकच. ब्राझीलमध्ये तिचे मूळ मूत्रविकारांवरील औषध. तिचीच साल इतर वनस्पतींसह उकळून आटवली, की उरतो तो काळा, चिकट लेप म्हणजे कुरारे. फुंकनळीतून सोडलेल्या बाणाला तो लावलेला असला, की झाडावरचे माकड काही मिनिटांत शिथिल होऊन खाली कोसळते. त्याचे मांस मात्र निर्धास्त खाता येते. हे विष रक्तात मिसळले तरच घात करते.

१८०० मध्ये ओरिनोकोकाठच्या एस्मेराल्दा येथे हम्बोल्टने कुरारे तयार होताना पाहिले. (तेथील वेल निराळी, कुचल्याच्या कुळातली.) विष सिद्ध करणारा वृद्ध त्याचा कडूपणा जिभेवर चाखून पाक पुरेसा आटला की नाही, हे ठरवीत होता. या माणसाला रसायनशास्त्रज्ञ म्हणण्यास हरकत नसावी.

१८१४ मध्ये लंडनमध्ये एका गाढविणीला कुरारे टोचण्यात आले. ती निपचित पडताच श्वासनलिकेत छेद घेऊन भात्याने फुप्फुसांत हवा भरत राहिले. काही तासांनी ती उठून उभी राहिली आणि पुढे अनेक वर्षे जगली. विष हृदय थांबवीत नाही, श्वासाचे स्नायू थांबवते, हे त्यातून दिसले. पुढे क्लोद बर्नार यांनी मज्जातंतूचा आदेश स्नायूपर्यंत पोहोचतच नाही, हे प्रयोगांनी दाखवून दिले.

२३ जानेवारी १९४२ रोजी मॉन्ट्रियलमध्ये हॅरॉल्ड ग्रिफिथ आणि एनिड जॉन्सन यांनी आंत्रपुच्छाच्या शस्त्रक्रियेत भुलीच्या जोडीला कुरारे वापरले. पोटाचे स्नायू सैल झाले. भुलीचे प्रमाण वाढवण्याची गरज उरली नाही. शस्त्रक्रियेचा चेहरामोहरा बदलला.

पण एक भयंकर गैरसमजही पसरला. रुग्ण हलत नाही, म्हणजे त्याला वेदना नाहीत, असे काही डॉक्टरांनी मानले आणि लहान मुलांवरही केवळ कुरारे देऊन शस्त्रक्रिया केल्या. मुले नंतर तक्रार करीत, ती बालिश कल्पना म्हणून सोडून दिली जाई.

अखेर अमेरिकेतील डॉ. स्कॉट स्मिथ यांनी स्वतःच्या शरीरात श्वास बंद पडण्याइतपत, किंबहुना त्याहूनही अधिक, कुरारे टोचून घेतले. सहकारी कृत्रिम श्वास देत होते. शक्य होते तोवर स्मिथ खुणांनी उत्तरे देत राहिले. मग तेही थांबले. १९४७ मध्ये अहवाल प्रसिद्ध झाला. त्या निश्चल अवस्थेत त्यांना प्रत्येक शब्द ऐकू येत होता, प्रत्येक स्पर्श कळत होता.