पाटलांच्या पुढे रांगेत

जानेवारी १९५२. पारनेर तालुक्यातल्या एका शाळेच्या पडवीत तुम्ही रांगेत उभे आहात. शिवारात शाळू हुरड्याला आलाय. गावचे पाटील तुमच्या मागे आहेत, त्याच रांगेत.

तुमच्या बापाला मत नव्हतं. इंग्रजांच्या अमदानीत ते सारा भरणाऱ्यांना आणि शिकलेल्यांना होतं. आता एकवीस वर्षं पुरी झालेला प्रत्येकजण मतदार आहे.

पलीकडे बायांची रांग. कारकून नाव विचारतो. म्हातारी स्वतःचं सांगते आणि नवऱ्याच्या नावाशी अडते. कारकून ते यादीतून वाचतो, ती मान हलवते. उत्तरेकडे ‘अमक्याची बायको’ एवढंच सांगणाऱ्या सुमारे २८ लाख बायांची नावं यादीतून गेली. मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांचा तो निर्णय कठोर होता, पण मला पटतो. मत तिचं आहे.

डाव्या बोटाला शाई लागते. हातात एक रुपयाच्या नोटेएवढा कागद, नाशिकच्या छापखान्यातला. पडद्याआड उमेदवारागणिक वेगळी पेटी: कुणावर बैलजोडी, कुणावर झाड. शिक्का मारायचा नाही. हव्या त्या पेटीत कागद टाकायचा. पण कागदावर नंबर आहे. त्यावरून पाटलांना कळेल का? सावकाराला? उद्या बियाण्याला पैसे मागायला त्याच्याच दारात जायचंय. हात थबकतो. ज्यांना १९४२ ते १९४५ नगरच्या किल्ल्यात डांबलं होतं, ते नेहरू आज काँग्रेसच्या बैलजोडीसाठी मत मागताहेत आणि त्यांना ‘नाही’ म्हणायची मुभा तुम्हाला आहे. टाका कागद.

आता पुढच्या वर्षी, सुदानला चला. तिथल्या पहिल्या संसदीय निवडणुकीच्या आयोगावर अध्यक्ष म्हणून हेच सेन आहेत. रांगेतली माणसं तुमच्यापेक्षा कमी शहाणी नाहीत. अडतं ते मतदानानंतर. इंग्रजांनी सोडलेल्या वरच्या जागा जवळजवळ सगळ्या सुदानच्या उत्तरेकडच्यांना मिळतात, दक्षिणेच्या वाट्याला जेमतेम काही. ऑगस्ट १९५५ मध्ये तोरितला दक्षिणेचे सैनिक बंड करतात. १ जानेवारी १९५६ ला देश स्वतंत्र होतो, पण पक्षांच्या भांडणात सरकारं डळमळतात आणि नोव्हेंबर १९५८ मध्ये जनरल अब्बूद सत्ता घेतात. आपल्याकडे हरलेला माणूस पुढच्या निवडणुकीची वाट बघत होता. तिथे दक्षिणेने कशाच्या भरवशावर वाट बघायची?

ऑक्टोबर १९६४ मध्ये खार्तुमचे विद्यार्थी, वकील, कामगार रस्त्यावर उतरतात. अब्बूदना जावं लागतं. १९६५ मध्ये पुन्हा मतदान होतं, या वेळी बायकांसकट. दक्षिणेत मात्र युद्ध पेटलेलं असल्याने ते होऊच शकत नाही.