गरोदरपणात किती दम लागणे ठीक?

हरसूलसारख्या डोंगराळ भागात चढाची वाट, पाण्याचा हंडा आणि भाताची आवणी यांतच गरोदर स्त्रीचा व्यायाम होतो, असे घरच्यांना वाटते. पण हे श्रम तिला झेपतात का, हे तपासायला हवे.

नाडीवरून का कळत नाही?
गरोदरपणात विश्रांती घेतानाही नाडीचे ठोके मिनिटाला साधारण 10 ते 20 ने वाढलेले असतात. त्यामुळे केवळ नाडी मोजून श्रमाचा अंदाज चुकतो.

घरी काय कराल?
चालताना बोलून पाहा. सलग वाक्य बोलता येते, पण गाणे म्हणता येत नाही, तर श्रम मध्यम आहेत. दोन-चार शब्दांनंतर थांबावे लागले, तर ओझे उतरवा आणि वेग कमी करा. गुंतागुंत नसल्यास आठवड्यात किमान 150 मिनिटे मध्यम श्रम योग्य ठरतात.

दवाखान्यात कधी जाल?
रोजच्याच चढावर अचानक जास्त दम लागू लागला, तर ‘पोटामुळे होतंय’ म्हणून सोडून देऊ नका. रक्तक्षय किंवा हृदयाचा आजार असू शकतो. हिमोग्लोबिन 11 ग्रॅमपेक्षा कमी म्हणजे रक्तक्षय. 7 पेक्षा कमी म्हणजे तीव्र रक्तक्षय. प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात दर महिन्याच्या 9 तारखेला सरकारी दवाखान्यात मोफत तपासणी होते.

बसल्या जागी दम, छातीत दुखणे, चक्कर, रक्तस्राव किंवा अंगावरून पाणी जाणे, यांपैकी काहीही झाले तर काम थांबवा आणि लगेच 108 ला फोन करा.