नांगर, पंप आणि आपला हिस्सा

सरकार, उद्योग आणि जनता एकत्र आली की देशात नवे शोध लागतात, नवे धंदे उभे राहतात, असे आज प्रत्येक व्यासपीठावरून सांगितले जाते. 'इनोव्हेशन इकोसिस्टिम' हे त्याचे नाव. सातारा-सांगलीला हे नवे नाही. आमचा सवाल एवढाच, या 'जनते'त आम्हाला धरले आहे का?

इतिहास काय सांगतो? 1901 च्या सुमारास बाल भीमराव, त्यांचे भाऊ आणि भाचे वडिलांकडे जाण्यासाठी मसूर स्टेशनवर उतरले. मुले महार आहेत हे कळताच एकही बैलगाडीवाला तयार होईना. शेवटी एक जण दुप्पट भाड्यावर कबूल झाला, तोही गाडी मुलांनीच हाकायची या अटीवर. आगगाडी आली होती, जात गेली नव्हती.

याच लोहमार्गावर कुंडल रोड येथे 1910 मध्ये लक्ष्मणराव किर्लोस्करांनी कारखाना उभारला. औंधच्या पंतप्रतिनिधींनी माळरानाची जमीन आणि दहा हजार रुपये बिनव्याजी दिले. लोखंडी नांगराने जमीन विषारी होते अशी शेतकऱ्यांची समजूत होती. ती मोडून नांगर खपला, पुढे पंपही आले. संस्थान, उद्योजक आणि शेतकरी, तिघांचा मेळ बसला. लक्ष्मणरावांनी आपल्या वाडीत अस्पृश्यतेला थारा दिला नाही, हेही नोंदवले पाहिजे.

पण एका मालकाचा चांगुलपणा म्हणजे व्यवस्था नव्हे. पंपाने मोटेची जागा घेतली. मोट शिवणारे ढोर-चांभार आणि नाडा वळणारे मातंग हे गावगाड्यातले तंत्रज्ञच होते. त्यांचे काम गेले. त्यांच्या मुलांना लेथवर बसवण्याची योजना कोणत्या सरकारकडे होती? मुंबईच्या गिरण्यांत तर तुटलेला धागा तोंडाने ओढावा लागतो म्हणून विणकाम खात्यात अस्पृश्यांना मज्जावच होता. यंत्र विलायती, विटाळ देशी!

बाबासाहेबांनी हे ओळखले होते. शेतीचे दुखणे जमिनीच्या तुकड्यात नसून भांडवल आणि अवजारांच्या अभावात आहे, यावर उपाय औद्योगिकीकरण, असे त्यांनी 1918 मध्येच मांडले. 1942 मध्ये व्हाइसरॉयला दिलेल्या निवेदनात त्यांनी अस्पृश्य विद्यार्थ्यांच्या विज्ञान-तंत्रज्ञान शिक्षणासाठी सरकारी पैसा मागितला. ही भीक नव्हती, हिस्सा होता.

कर्मवीर भाऊराव पाटलांचे उदाहरणही समोर आहे. ओगले आणि किर्लोस्करांचा माल गावोगाव विकणाऱ्या या माणसाने 1919 मध्ये काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि 1924 मध्ये साताऱ्यात सर्व जातींच्या मुलांना एका वसतिगृहात, एका पंगतीत आणले. नांगर विकत फिरताना रयतेचे अज्ञान त्यांनी जवळून पाहिले होते. शोध घरोघर पोहोचवायचा तर आधी शाळा पोहोचली पाहिजे, हा त्यांचा धडा.

आज योजना कागदावर आहेत. 2016 च्या स्टँड-अप इंडियात प्रत्येक बँक शाखेने किमान एका अनुसूचित जाती-जमातीच्या उद्योजकाला दहा लाख ते एक कोटीपर्यंत कर्ज देणे अपेक्षित होते. 2020 मध्ये बाबासाहेबांच्या नावाने इनोव्हेशन मिशनही आले. मग आपल्या तालुक्यात किती शाखांनी कर्ज दिले? माहितीच्या अधिकारात विचारा. आकडे मिळाले की गावात जाहीर वाचा.

नवनिर्मिती जातीच्या भिंतीआड वाढत नाही. जिथे अर्धी बुद्धी वेशीबाहेर ठेवली जाते, तिथे 'राष्ट्रीय' हा शब्द खोटा ठरतो.

जय भीम!